तीन अक्षरांचा खल

'सर आयझॅक हार्टली टर्व्हिल यांचा खल. इंग्लंडातील उमराव घराण्याची वस्तू. त्यांचे वंशज जोनस टर्व्हिल यांनी तो थॉर्नफर्ड येथे आणला. हात लावू नये.'

ही चिठ्ठी शंभर वर्षे माझ्या पायाशी उभी होती. मी एक जुना खल आहे, आणि या चिठ्ठीत 'खल' एवढा एकच शब्द खरा आहे.

मित्रांनो, आत्मवृत्तात आधी जन्म सांगतात, मग कष्ट, मग कौतुक, मग अडगळ. माझी पंचाईत अशी की माझे कौतुक आणि माझी अडगळ एकाच दिवशी, एकाच कपाटात सुरू झाली. त्यामुळे मी क्रमाने सांगेन, पण मध्येच थांबेन, कोणाचे तरी म्हणणे खोडून काढेन आणि पुन्हा पुढे जाईन. मला सवयच तशी आहे. एक घाव, मग थांबणे, मग दुसरा घाव.

खल शब्दाचा अर्थ दुष्ट असाही होतो. टर्व्हिल कुळातले काही जण मला आजही त्याच अर्थाने खल म्हणतात. म्हणू देत.

माझ्या पोटावर तीन अक्षरे आहेत. वर मधोमध टी. खाली डावीकडे आय, खाली उजवीकडे एच. चुलीचे तीन दगड मांडावेत तशी. सगळी गोष्ट या तीन दगडांवर शिजली आहे.

*

जन्म. इंग्लंडातल्या सफक परगण्यात चर्चच्या घंटा ओतणारा एक कारागीर होता. एका घंटेतून थोडा धातू उरला. त्याचा त्याने मला केला. म्हणून मला मारले की मी नुसता वाजत नाही, घुमतो. औषधी पाला कुटणाऱ्या एका बाईने मला घेतले. तिचे नाव ॲन. ती गावात बाळंतपणे करायची. तिची मुलगी हल्डा.

हल्डा अठरा वर्षांची असताना जहाजात बसली. तिकिटाऐवजी तिने पाच वर्षांची चाकरी लिहून दिली होती. तिच्या गाठोड्यात दोन अंगरखे, एक लोकरी घोंगडी आणि मी. खलाशाने विचारले, एवढे जड ओझे कशाला? ती म्हणाली, आईने दिले आहे. त्याने पुन्हा विचारले नाही.

तेव्हा मला उमरावाने नाही, मोलकरणीने आणले. जोनसने नाही, हल्डाने. चिठ्ठीतल्या पहिल्या दोन खोट्या गोष्टी इथेच निकालात निघाल्या.

*

थांबतो.

थॉर्नफर्ड म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे गाव. टर्व्हिल लोक सांगतात की त्यांचा मूळपुरुष आला तेव्हा इथे काहीच नव्हते. मी आलो तेव्हा इथे शेते होती, वाटा होत्या, आणि त्या वाटांनी चालणारे लोकही होते. नांगर लागला की त्यांची दगडी उखळे वर येत. आमच्या लोकांनी ती उचलली आणि शेताच्या दगडी कुंपणात रचली. त्या उखळांवर अक्षरे नव्हती, म्हणून ती कोणाचीच नाहीत असे ठरले. ती माझी भावंडे आहेत. त्यांची गोष्ट मी सांगू शकत नाही. ती तिथे आहेत, एवढे मात्र मी सांगणारच.

*

पाच वर्षांची चाकरी संपली आणि हल्डाने जोनस टर्व्हिलशी लग्न केले. जोनस पिपे बनवायचा. कमी बोलणारा, हाताला चिरा पडलेला माणूस. ते साल सोळाशे एकोणपन्नास.

आता नीट ऐका. त्या काळी थॉर्नफर्डला लग्न झाले की घरातल्या चांगल्या भांड्यावर, पेटीवर, चमच्यावर तीन अक्षरे घालत. वर आडनावाचे. खाली डावीकडे नवऱ्याच्या नावाचे, उजवीकडे बायकोच्या. जे आणि आय ही तेव्हा वेगळी अक्षरे नव्हती, म्हणून जोनससाठी आयच काढत. आणि मधले नाव ही चैन कोणाकडे नव्हती. एक नाव, एक आडनाव, संपले. तीन अक्षरे म्हणजे एक माणूस नव्हे. तीन अक्षरे म्हणजे एक संसार. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होते, म्हणून कोणी कुठे लिहून ठेवले नाही. जे सगळ्यांना ठाऊक असते तेच आधी हरवते.

हल्डा मला घेऊन लोहाराकडे गेली. त्याने टी ठोकला, आय ठोकला आणि म्हणाला की बायकोचे अक्षर जरा बारीक काढतो, नाजूक दिसते.

"कुटायला कोण बसणार आहे?" हल्डा म्हणाली. "तुम्ही?"

लोहाराने मान खाली घालून एच ठोकला. तेवढ्याच उंचीचा. हल्डाने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, लागत नाही हाताला, पुन्हा मारा. त्याने पुन्हा मारला. म्हणून माझा एच बाकीच्या दोघांपेक्षा खोल आहे.

मग कामाची वर्षे. मी मीठ कुटले, साखरेची ढेप फोडली, लवंग कुटली, जायफळ कुटले. पण जास्त करून पाला. कोणाच्या घरी ताप असला की लोक हल्डाकडे येत. दिवसा नाक मुरडणाऱ्या कप्तानाच्या बायकोनेही एकदा आपल्या मुलासाठी निरोप धाडला. हल्डा गेली. परत आल्यावर तिने मला धुतले आणि जोनसला सांगितले की पोरगा वाचेल, आई मात्र अजून तशीच आहे.

सोळाशे एक्कावन्नमध्ये पेशन्स झाली. हल्डाची मुलगी. सहा वर्षांनी थंडीत गावात पुन्हा ताप आला. हल्डाने बारा घरांसाठी पाला कुटला आणि तेराव्या घरी ताप आला तो तिच्याच. त्यात ती गेली. जोनसने तिच्या डोक्याशी पिपाची फळी पुरली. फळीवर नाव कोरले. लाकूड ते. दहा पावसांत गेले.

दोन वर्षांनी जोनसने मेहिटेबलशी लग्न केले. ती पाद्र्याची मुलगी. मेहिटेबल वाईट नव्हती, हेही मी सांगितले पाहिजे. तिच्या आईने तिला सुचवले की ते अक्षर घासून काढ. तिने घासले नाही. फक्त कुटून झाले की मला फळीवर ठेवताना अक्षरांची बाजू भिंतीकडे करायची. एवढे तर कोणीही करील.

*

आता उंदीर.

गावाच्या पहिल्या नोंदवहीतली सुरुवातीच्या वर्षांची लग्नांची पाने उंदरांनी खाल्ली. जन्मांची पाने ठेवली. त्यांचा लग्नावर काय राग होता कोण जाणे. त्यामुळे पुढे ज्याने ज्याने वही उघडली त्याच्या नजरेत भरले ते इतकेच. पेशन्स, जोनस टर्व्हिलची मुलगी, जन्म सोळाशे एक्कावन्न. जोनस टर्व्हिलचे लग्न, मेहिटेबलशी, सोळाशे एकोणसाठ.

मधली आठ वर्षे उंदरांच्या पोटात गेली.

जोनस मेला तेव्हा त्याने मृत्युपत्रात मला पेशन्सच्या नावे केले. मग मी पेशन्सकडून तिच्या सुनेकडे, तिच्याकडून तिच्या लेकीकडे असा हातोहात गेलो. दोनशे वर्षे मी स्वयंपाकघरात होतो. माझी कडा झिजली, बूड चकचकीत झाले. कोणी माझे कौतुक केले नाही आणि कोणाचे माझ्यावाचून चाललेही नाही. सुखाचे दिवस म्हणतात ते हेच.

*

अठराशे अठ्ठ्याऐंशीमध्ये गावाला अडीचशे वर्षे झाली. प्रदर्शन भरायचे ठरले. तेव्हा मी पेशन्सच्या वंशातल्या थँकफुल पाईकच्या घरी होतो. थँकफुल म्हणजे कृतज्ञ. सत्तर वर्षांची ही बाई जन्मात कोणाची कृतज्ञ झाली नव्हती. मला ती आवडायची.

तिच्या दारात कर्नल ऑरिन टर्व्हिल आले. मेहिटेबलच्या शाखेतले. ते टर्व्हिल कुळाचा इतिहास लिहीत होते. त्यांनी मला उचलले, खिडकीपाशी नेले आणि भिंग लावून पाहिले. मला वाटले, आता वाचतील. इतका वेळ लावून माणूस पाहतो म्हणजे वाचेलच.

त्यांनी वाचले. पण त्यांच्या काळात प्रत्येक सभ्य माणसाला मधले नाव असे. खुद्द कर्नलसाहेबांना दोन होती. त्यांनी त्रिकोण वाचला नाही, ओळ वाचली. आय, एच, टी. एका माणसाची तीन नावे. मग त्यांनी इंग्लंडात तो माणूस शोधायला सुरुवात केली. आणि शोधणाऱ्याने ठरवलेच असेल तर माणूस सापडतो. आयझॅक हार्टली टर्व्हिल. पुढे त्याला 'सर' लागले. मग मानचिन्हाची ढाल लागली, ढालीवर कोल्हा लागला. मी समोर बसून हे सगळे पाहिले. धातूला घाम येत नाही म्हणून बरे.

त्यांनी थँकफुलला पावती लिहून दिली. 'एक खल, प्रदर्शनासाठी, दोन आठवडे.' बत्ता नको म्हणाले. बत्त्यावर अक्षरे नव्हती.

दोन आठवड्यांनी थँकफुल मला न्यायला आली. कर्नल म्हणाले की कपाटाला कुलूप लागले आहे. ती पुन्हा आली. ते म्हणाले की आता हा खल एका घराचा राहिला नाही, साऱ्या कुळाचा झाला. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला चहा दिला. मग ती आली नाही.

कर्नलसाहेबांचे जाडजूड पुस्तक छापून आले. त्यात पेशन्स कुठे होती? पान सदतीसच्या तळाशी, बारीक टाइपात, फुलीच्या खुणेपुढे. 'पेशन्स नावाची एक मुलगी या घरी वाढली. तिच्या आईविषयी मौन बाळगणे उचित.'

तेव्हापासून पेशन्सच्या शाखेला गावात नाव पडले, तळटीपवाले. दर ऑगस्टमध्ये टर्व्हिल कुळाचे संमेलन होई. चर्चच्या हिरवळीवर टेबले लागत, भाजलेल्या घेवड्याची मडकी येत, ब्लूबेरी भरून भाजलेल्या गोड रोट्या येत. तळटीपवाल्यांनाही बोलावणे असे. त्यांची टेबले मुतारीजवळ.

मी काचेत. लोक येत, 'सर आयझॅक' म्हणत आणि जात. याला गौरव म्हणतात. पुढे पुढे दर महिन्याला डोरकस टर्व्हिल कपाट उघडून माझ्यावरची धूळ पुसायची. याला निगा म्हणतात. शंभर वर्षांत माझ्यात कोणी एक लवंग टाकली नाही.

*

विनिफ्रेड पाईक ही थँकफुलची पणती. तिने एकतीस वर्षे शाळेची बस चालवली. आरशात न बघता मागच्या बाकावरची खोडी ओळखायची. निवृत्त झाल्यावर तिच्या वहिनीने विचारले की आता काय करणार. ती म्हणाली, "पणजीच्या आधीच्या बायका शोधणार. कोणीतरी उतरायचं राहिलंय बसमधून."

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या थंडीत तिने शेजारच्या गावच्या संग्रहालयात कथलाची एक थाळी पाहिली. थाळीवर तीन अक्षरे, त्रिकोणात. खाली चिठ्ठी होती. वर आडनाव, डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, लग्नाची खूण.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या काचेपुढे उभी होती. काचेवर बोट टेकवून तिने हळूहळू त्रिकोण काढला. टी. आय. एच. मग कपाळ काचेला लावले.

"तू कोण गं?" ती म्हणाली.

मला विचारले नव्हते. एचला विचारले होते.

*

मित्रांनो, आता तीन टिंबांची गोष्ट.

कर्नलसाहेबांच्या पुस्तकात जोनसचे मृत्युपत्र छापलेले आहे. त्यात एक ओळ अशी आहे. 'माझी आपली बायको मेहिटेबल हिला घर व परसू. माझी मुलगी पेशन्स हिला…'

एवढेच. पेशन्सपुढे तीन टिंबे. बाजूला खुलासा, 'कागद फाटलेला'.

विनिफ्रेड जिल्ह्याच्या न्यायालयात गेली. तिथे जुन्या कागदांचे फोटो असलेल्या फिती यंत्रावर लावून वाचतात. तिने पाच दिवस वाचले. कागद फाटलेला नव्हता. टिंबांच्या जागी हे होते. '…पेशन्स हिला तो खल, जो तिच्या आईचा होता.'

त्या तीन टिंबांत मी होतो. शंभर वर्षे.

आणि दुसरी गंमत त्याच ओळीत. मेहिटेबलच्या आधीचा शब्द 'आपली' नव्हताच. 'आताची' होता. माझी आताची बायको. इंग्रजीत हे दोन्ही शब्द, now आणि own, त्याच तीन अक्षरांचे. पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवले की 'आताची'ची 'आपली' होते. कर्नलसाहेबांनी ते अक्षर उचलले. चुकून की मुद्दाम, ते मी सांगू शकत नाही. भिंग मात्र चांगले होते त्यांचे.

*

गावाला साडेतीनशे वर्षे होत होती. कुळाच्या मंडळाने जुन्या दफनभूमीत ग्रॅनाइटचा दगड उभारायचे ठरवले होते. मजकूर तयार होता. 'सर आयझॅक हार्टली टर्व्हिल यांचे वंशज जोनस, आणि त्यांची पत्नी मेहिटेबल.' दगड जुलैत कोरायचा, ऑगस्टच्या संमेलनात उघडायचा. मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मंडळाची बैठक भरली. माझ्या कपाटासमोरच.

मंडळाचे अध्यक्ष ॲल्डन टर्व्हिल. एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त दंतवैद्य. त्यांच्या कोटावर कोल्ह्याच्या ढालीची पिन असायची. युद्धावर निघाले तेव्हा वडिलांनी स्टेशनवर लावली होती. ती घेऊन गेले आणि ती घेऊन परत आले. शेजारी त्यांची धाकटी बहीण डोरकस, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारी.

विनिफ्रेडने मृत्युपत्राची नक्कल टेबलावर ठेवली. तिची मागणी एकच होती. दगडावर मेहिटेबलच्या आधी हल्डाचे नाव हवे, त्याच उंचीच्या अक्षरात. पण हल्डा हे नाव तिला कळले कसे? जन्माच्या पानांत तेही होते. त्या गावी त्या वर्षांत एच अक्षराची लग्न झालेली एकच बाई दुसऱ्या एका बाळंतपणाची साक्षीदार म्हणून नोंदली आहे. 'टर्व्हिलची हल्डा, हिने मूल सोडवले.' सगळ्यांनी ती ओळ वाचली होती. कोणी थांबले नव्हते.

ॲल्डन म्हणाले की एका अक्षरावर एवढी मोठी माडी बांधू नये.

"मी बांधलेली नाही, ॲल्डनकाका," विनिफ्रेड म्हणाली. "तुमच्या कर्नल आजोबांनी तीन अक्षरांवर अख्खा उमराव बांधलाय. मी फक्त खालचा जिना शोधतेय."

मागून कोणीतरी खोकले. हसू लपवायचा तो खोकला होता.

मग तिने 'आताची बायको' हे शब्द वाचून दाखवले आणि विचारले की माणूस आताची केव्हा म्हणतो.

"आधीची होऊन गेली असेल तेव्हा," डोरकस म्हणाली. तिचे तिसरे लग्न गेल्या वर्षीच झाले होते. "मी नाही का म्हणत, आताचा नवरा."

ॲल्डननी बहिणीकडे पाहिले. मग नक्कल हातात घेतली, दिव्याजवळ नेली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, मी पाहिले. दंतवैद्याला कीड कुठे आहे ते दिसते.

"आणि सर आयझॅक?" त्यांनी विचारले. आवाज खाली आला होता.

"तेच आय, तेच एच, तेच टी. तीन अक्षरांत एकतर उमराव मावेल, नाहीतर नवराबायको मावतील. दोन्ही नाही मावत, काका."

त्यांचा हात पिनेकडे गेला आणि तिथेच राहिला. मला त्यांची कीव आली, खोटे कशाला सांगू. माणसाला पूर्वज उगाच लागत नाहीत. त्या पिनेने त्यांना कुठल्या तरी खंदकात धीर दिला असेल. पण त्यासाठी हल्डाने तळाशी का राहायचे?

ॲल्डननी मध्यम मार्ग काढला. मुख्य मजकूर तसाच ठेवू. खाली एक फुलीची खूण करू आणि बारीक अक्षरात घालू, 'हल्डा नावाच्या एका स्त्रीचाही उल्लेख आढळतो.' त्यांना खरोखर वाटले की आपण मोठे मन दाखवले.

"तळाशी आम्ही शंभर वर्षं बसलोय," विनिफ्रेड म्हणाली. "तिथं आता जागा नाही."

मतदान झाले. हात वर गेले. उमराव जिंकला.

विनिफ्रेडने नक्कल घडी करून पिशवीत ठेवली आणि दुसरा एक कागद काढला. पिवळा पडलेला, बटणांच्या डब्यात जपलेला. कर्नलसाहेबांची पावती. तिने ती मोठ्याने वाचली. 'दोन आठवडे' हे शब्द खोलीत जरा जास्तच वाजले.

"मग माझी वस्तू द्या," ती म्हणाली. "मी निघते."

गलका झाला. शंभर वर्षांनी पावती चालते का, वकिलाला विचारा, कुळाची ठेव आहे, हिला कोणी बोलावले होते. तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. डोरकस उठून कपाटापाशी आली होती.

"दोन आठवडे झाले असतील आता, ॲल्डन," ती म्हणाली आणि तिने काच उघडली.

*

विनिफ्रेडने मला किराणा आणायच्या पिशवीत घातले. शंभर वर्षांनी माझ्या अंगाला हाताची ऊब लागली. गाडीत तिने मला पुढच्या सीटवर ठेवले आणि पट्टा बांधला. ही तिची जुनी सवय.

अशा गोष्टींत या ठिकाणी हरवलेला बत्ता सापडतो. माझा सापडला नाही. कधीतरी कोणीतरी खुंटी म्हणून ठोकला असेल. विनिफ्रेडने बाजारातून दगडी बत्ता आणला. तो मला थोडा लहान होतो. चालते. पहिल्यांदा तिने मिरी कुटली आणि मी घुमलो. तिने हात थांबवला, ऐकले, आणि पुन्हा मारले.

पण दगडाचे काय? तिची मागणी तर मी घरी येणे ही नव्हतीच. मी म्हणजे जाता जाता हाती लागलेले. तिला हल्डा जमिनीवर हवी होती, उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी.

दफनभूमी टर्व्हिलांची नव्हे, गावाची. विनिफ्रेड गावाच्या समितीपुढे गेली. तिथे तिघे जण होते, आणि तिघेही कधीकाळी तिच्या बसमधून शाळेत गेलेले. तिने मला टेबलावर ठेवले आणि उमरावाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मृत्युपत्र दाखवले, जन्माचे पान दाखवले आणि म्हणाली की एका बाईच्या डोक्याशी फळी होती, ती कुजली, ती बदलायची आहे. त्यांनी परवानगी दिली.

पाटीचा दगड कोरणारा कारागीर तिच्या घरी आला. त्याने माझ्या पोटावर पातळ कागद धरला आणि काळ्या मेणाच्या कांडीने घासला. कागदावर तीन अक्षरे उमटली. त्याने विचारले की एच जास्त गडद आलाय, सारखा करू का.

विनिफ्रेड नको म्हणाली. आहे तसाच कोर.

ऑगस्टमध्ये संमेलन भरले. मी पिशवीतून गेलो होतो, पिशवीचे तोंड उघडे. ग्रॅनाइटच्या मोठ्या दगडावरचे कापड निघाले, टाळ्या झाल्या, सर आयझॅक उन्हात चमकले. मग लोक पांगले. पंधरा पावलांवर एक काळा पाटीचा दगड उभा होता, गुडघ्याएवढा. वर त्रिकोण. खाली 'हल्डा. जोनस टर्व्हिलची पत्नी. पेशन्सची आई. इतरांसाठी कुटता कुटता गेली.' आधी मुले आली, कारण दगड त्यांच्या उंचीचा होता. मग त्यांना बोलवायला आया आल्या. त्या वाचायला लागल्या. एकीने मोठ्या दगडाकडे पाहिले, मग या दगडाकडे, आणि विचारले की हीच तीन अक्षरे तिकडे एका माणसाची कशी? विनिफ्रेडने मला पिशवीतून काढून त्या बाईच्या हातात दिले.

सगळ्यात शेवटी ॲल्डन आले. काठी टेकत, एकटे. ते खूप वेळ वाचत राहिले. तेवढ्या चार ओळींना इतका वेळ लागत नाही.

"माहेरचं आडनाव काय हिचं?" त्यांनी विचारले.

"नाही सापडलं."

मलाही ते ठाऊक नाही, मित्रांनो. मी तिच्याबरोबर समुद्र ओलांडला, पण मोलकरणीला आडनावाने कोणी हाक मारत नाही. मी ते एकदाही ऐकले नाही.

"सफकच्या चर्चना लिहावं लागेल," ॲल्डन म्हणाले. "एकेका चर्चला वेगळं पत्र."

"लिहिणार आहे."

"तुझं अक्षर मी पाहिलंय, विनिफ्रेड. तिकडच्या पाद्र्यांना ते लागायचं नाही." त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढले. "मी लिहितो. तू सांग."

पिन त्यांनी काढली नव्हती. ती कोटावर होतीच. ते तिथेच, मोठ्या दगडाच्या चौथऱ्यावर बसले, पाठमोरे, आणि त्यांनी मला मांडीवर पालथे घालून माझ्या बुडावर कागद ठेवला. शंभर वर्षे काचेत राहिलेल्या वस्तूचा असा पाट झाला. मी तक्रार केली नाही.

*

आता विनंती. ती हात जोडून करायची असते, मला हात नाहीत.

मी असे ऐकले आहे की तुमच्याकडेही भांड्यांवर नावे घालतात. लग्नात, बारशाला, कोणाच्या आठवणीसाठी. तपेल्याच्या काठाला, तांब्याच्या गळ्याशी, ताटाच्या पाठीवर. ती भांडी काळी पडतात, पोचतात, माळ्यावर जातात, आणि एके दिवशी मोडवाल्याच्या तराजूत पडतात. घाला मोडीत, मी अडवत नाही. सगळ्यांनाच सांभाळायचे तर माणसांना घरात राहायला जागा उरणार नाही. पण तराजूत टाकण्याआधी ते नाव मोठ्याने वाचा. अक्षर भरले असेल तर काडीने टोकरा, घासून सपाट करू नका. आणि घरात विचारा, ही कोण?

'असेल कोणीतरी' असे उत्तर मिळाले, तर तेवढ्यावर उठू नका.